'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास': संगणकाच्या पडद्यावरील मराठी

संगणकाने मराठीचे काय केले, याची चर्चा आपल्याकडे बहुधा इंग्रजी शब्दांच्या भरतीपाशीच थांबते. लिपीचा प्रश्न आपण टंकलेखकांवर सोपवून मोकळे झालो. वस्तुतः तो भाषेच्या अभ्यासकांचाच प्रश्न होता.

आरंभ आशादायक होता. कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेले 'जिस्ट' तंत्र पुण्याच्या 'सी-डॅक'ने पुढे नेले आणि १९९१ साली 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली प्रमाण ठरली. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांना एकच मांडणी, हे तिचे सूत्र. मराठी, कन्नड आणि तेलुगू जिथे शेजारी नांदतात, त्या सोलापूरला या सूत्राचे मोल वेगळे सांगायला नको.

परंतु त्याच दशकात सर्वत्र पोचलेल्या विंडोज ९५ आणि ९८ या प्रणालींना देवनागरी ठाऊकच नव्हती. फॉन्ट घडवणाऱ्यांनी मग रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले. प्रत्येकाची मांडणी निराळी. डोळ्यांना मराठी दिसे, यंत्राच्या लेखी मात्र ती रोमन चिन्हांची अर्थहीन रांग असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर प्रबंध उघडला, की हे गुपित उघडे पडे.

विंडोज २००० बरोबर युनिकोड देवनागरी आली. तरीही २००१ च्या एक्सपीच्या इंग्रजी आवृत्तीत ही सोय मुळात बंद असे. भाषेच्या पर्यायांत ती शोधून, मूळ सीडी घालून सुरू करावी लागे. तसे न केल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसे आणि जोडाक्षरे सुटी होत. हे ठाऊक नसलेल्याने युनिकोडलाच सदोष मानून जुन्या फॉन्टकडे परतावे, यात नवल नाही.

खरी कसोटी पुढेच होती. 'आचार्यास' वंदन करायचे आणि 'आचाऱ्यास' स्वयंपाक सांगायचा, हा भेद मराठीत अर्ध्या 'र'च्या आकारावर उभा आहे. युनिकोडमध्ये तो आकार 'ऱ' या अक्षरापासून सिद्ध होतो. आणि ते अक्षर तक्त्यात नोंदले आहे द्राविडी 'र'च्या लिप्यंतरासाठी! साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही तोच आकार मिळतो. 'ॲ'ला स्वतंत्र संकेत लाभला तो २००८ साली. तोवर 'अ'वर चंद्र देऊन काम भागवले जाई. दिसायला दोन्ही रूपे सारखी, संकेत मात्र भिन्न. परिणामी 'ॲरिस्टॉटल'चा शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला निम्मे लेख सापडतात आणि उरलेले नाहीतच, अशी त्याची समजूत होते.

राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमाला आणि वर्णलिपी निश्चित केली. अक्षराचे रूप त्यामुळे ठरले. जुन्या फॉन्टांत अडकलेले प्रबंध, नियतकालिकांचे अंक आणि व्याख्याने मात्र आपोआप सुटली नाहीत. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आज उपलब्ध आहेत. पण अशा रूपांतरात जोडाक्षरे चुकतात, आणि ती चूक मराठी जाणणाऱ्यालाच ओळखता येते. हस्तलिखितांची पाठचिकित्सा आपण अभ्यासक्रमात शिकवतो. तीच शिस्त आता या धारिकांनाही लावली पाहिजे.