वाडा पाडायचा की ठेवायचा, हे ठरवायचं कोणी? शहराची वारसा समिती : तिचा इतिहास आणि तिचं काम



आजचा विषय थोडा सरकारी वाटेल. समिती, नियमावली, श्रेणी, परवानगी असे शब्द वारंवार येतील. पण त्यांच्याआड एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. एखादी वास्तू माझ्या मालकीची असेल, सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा माझ्या नावावर असेल, घरपट्टी मी भरत असेन, तर ती पाडू नकोस असं मला गाव कुठल्या अधिकारानं सांगतं?

आपल्याकडे जुन्या वास्तूचं काय करायचं याची दोन उत्तरं तयार असतात. देऊळ असेल तर जीर्णोद्धार. घर असेल तर पाडा आणि स्लॅब टाका. 'आहे तसं जपायचं' हे तिसरं उत्तर आपल्याकडे उशिरा आलं, आणि आलं तेही कायद्याच्या वाटेनं. कर्झनच्या काळात १९०४ साली प्राचीन स्मारकांचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा केंद्राचा कायदा आला, मग राज्याचा. या कायद्यांनी लेणी, किल्ले, मंदिरं, मशिदी यांना संरक्षण दिलं, ते चांगलंच झालं. पण त्यांची नजर स्मारकावर होती, म्हणजे ज्यात सहसा कुणी राहत नाही, पाटी लावून कुंपण घालता येतं, अशा वास्तूवर. आता शहरात बघा. वाडा आहे, गिरणी आहे, चाळ आहे, रेल्वेचं स्टेशन आहे, व्यापाऱ्याची पेढी आहे. तिथे माणसं राहतात, भांडतात, भाडं देतात किंवा देत नाहीत. तिथे कुंपण कुठे घालणार?

अशा चालत्या-बोलत्या शहरासाठी वेगळी यंत्रणा लागते. जगात तिचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं. तिथलं पेनसिल्व्हेनिया स्टेशन हे एक भव्य रेल्वे स्टेशन १९६३ साली पाडायला घेतलं. लोक हळहळले, आणि त्या हळहळीतून १९६५ साली शहरानं एक आयोग नेमला. आयोगावर अकरा सदस्य. त्यांत किमान तीन वास्तुविशारद, एक इतिहासकार, आणि मला विशेष वाटतं ते हे की जमीन-मालमत्तेच्या धंद्यातलाही एक माणूस हवा, असा नियम. पुढे एका रेल्वे कंपनीला ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर उंच इमारत बांधायची होती. आयोगानं नाही म्हटलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ साली निकाल आयोगाच्या बाजूनं लागला. न्यायालयाचा मुद्दा साधा होता. कंपनीचं स्टेशन चालू आहे, त्यातून उत्पन्न येतंय, वर बांधायला मिळालं नाही म्हणजे मालमत्ता हिसकावून घेतली असं होत नाही.

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रात ही गोष्ट मुंबईत सुरू झाली. १९८४ साली 'इंटॅक' ही संस्था देशपातळीवर निघाली. मुंबईत त्याआधीपासून काही नागरिक यामागे लागले होते, त्यांत श्याम चैनानी यांचं नाव घेतलंच पाहिजे. वर्षानुवर्षं मंत्रालयात फायलींचा पाठलाग करणं हे काम दिसत नाही, त्याला टाळ्या मिळत नाहीत, पण नियमावल्या अशाच होतात. १९९५ साली बृहन्मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम क्रमांक ६७ लागू झाला. सहाशेहून अधिक नोंदींची यादी झाली आणि मुंबई वारसा संवर्धन समिती नेमली गेली.

या नियमाची रचना नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. यादीतल्या इमारतींच्या तीन श्रेणी. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू. त्यांना आतून-बाहेरून हात लावायचा नाही, मजबुतीसाठी अगदीच अपरिहार्य असेल तेवढंच करायचं. दुसऱ्या श्रेणीत प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या. तिचे पुन्हा 'अ' आणि 'ब' असे भाग. आतला बदल चालेल, बाहेरचं रूप सांभाळा. तिसऱ्या श्रेणीतली इमारत एकटी फार मोठी नसते, पण तिच्यामुळे गल्लीला, चौकाला चेहरा येतो. तिथे बदलाला बरीच मोकळीक. शिवाय एकेक इमारत न घेता अख्खा परिसरच यादीत घालायची सोय.

समितीवर कोण? अध्यक्ष सहसा निवृत्त सनदी अधिकारी. बरोबर स्थापत्य अभियंता, संवर्धन जाणणारे वास्तुविशारद, पर्यावरणाचा जाणकार, शहराचा इतिहास माहीत असलेला माणूस, आणि महापालिकेचे अधिकारी. मालकाला काही करायचं असलं की त्यानं महापालिकेकडे अर्ज करायचा, महापालिका तो समितीपुढे ठेवते, समिती नकाशे बघते, जागेवर जाते, सल्ला देते. पुन्हा सांगतो, सल्ला देते. परवानगी देणारा शेवटी महापालिका आयुक्त. आयुक्त समितीचा सल्ला डावलू शकतात. पण दोन अटी आहेत. कारणं लेखी नोंदवली पाहिजेत, आणि डावलण्याचा हा अधिकार त्यांनी स्वतःच वापरायचा, खालच्या अधिकाऱ्याकडे सोपवायचा नाही.

बऱ्याच लोकांना हे तोकडं वाटतं. 'नुसता सल्ला? मग दात कुठे आहेत?' असं विचारतात. मला मात्र या रचनेत शहाणपण दिसतं. निवडून न आलेल्या दहा-बारा तज्ज्ञांच्या हाती अंतिम सत्ता देणं लोकशाहीत बरं नाही. पण सत्ताधाऱ्याला लेखी कारण द्यायला लावणं, स्वतःच्या सहीनं द्यायला लावणं, याचा धाक कमी नसतो. लेखी कारण न्यायालयात तपासता येतं. तोंडी कारण तपासता येत नाही.

आता थोडं माझ्या विषयाकडे वळतो, तत्त्वज्ञानाच्या माणसाला तेवढी मुभा द्या. जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं? मिलिंदपञ्ह तुम्हाला ठाऊक असेल. नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी म्हणजे? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि मग रथ हे एक व्यवहाराचं नाव उरतं. याच्या उलट नैयायिकांचं म्हणणं. अवयवी, म्हणजे ती अख्खी वस्तू, अवयवांहून वेगळी आणि खरी असते. पण मग त्यांना एक कठीण गोष्ट मान्य करावी लागते. कापडातून एक धागा काढला की जुनं कापड संपलं, उरलं ते नवं.

हा वाद पोथीतला वाटतो, पण वारसा समितीच्या टेबलावर तो रोज येतो. तुळई बदलली, कौलं बदलली, जिना बदलला, आता हा तोच वाडा का? श्रेणी हे त्याचंच व्यवहारी उत्तर आहे. पहिल्या श्रेणीत आपण जवळजवळ नैयायिक होतो, तिसऱ्या श्रेणीत नागसेनाच्या जवळ जातो.

आणि इथे आपल्या सोलापूर भागाचं एक वेगळं म्हणणं आहे. आपली जुनी घरं माळवदाची. लाकडी तुळया, वर किलचण, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकायची, दाबायची, पाणी निघून जाईल असा उतार धरायचा. म्हणजे हे घर दरसाल थोडं नवं होतच असतं. 'मूळ सामग्रीला हात लावू नका' हे दगडी इमारतींसाठी केलेलं सूत्र इथे जसंच्या तसं चालत नाही. माळवद जपायचं तर ते घालणारा हात जपावा लागतो. चुन्याचंही तेच. घाणीत मळलेल्या चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि आतला चुना पिठासारखा होतो. वरून भिंत टकाटक. अनेक गावांत भक्तिभावानं केलेल्या जीर्णोद्धारात हे घडलं आहे. कोरीव दगडावर ऑइलपेंट, जमिनीवर चकचकीत फरशी. करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, फक्त विचारायला कुणी जाणकार समोर नसतो. समितीचं खरं काम मला नाही म्हणण्यापेक्षा हे सांगण्याचं वाटतं.

पण सल्ला फुकट असतो, दुरुस्ती नसते. इथे या व्यवस्थेचं दुखणं आहे. मुंबईचं वॉटसन हॉटेल घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली बिडाच्या सांगाड्याची इमारत, यादीत दुसऱ्या श्रेणीची, जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक. आत छोटी-छोटी कार्यालयं, भाडी जुनी, दुरुस्ती कोण करणार यावर एकमत नाही. २००५ साली तिचा काही भाग कोसळला. २०१९ साली ती रिकामी करायची वेळ आली आणि पाडावी की सांभाळावी यावर तज्ज्ञांतच जुंपली. यादीत नाव होतंच की! नावानं छप्पर गळायचं थांबत नाही. भाडेनियंत्रणामुळे दशकानुदशकं भाडं गोठलेलं, मालकाला उत्पन्न नाही, भाडेकरूला घर सोडवत नाही. यात कुणी एक खलनायक शोधायला गेलं तर सापडत नाही.

उलट भाऊ दाजी लाड संग्रहालय बघा. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं. तिथे महापालिका, इंटॅक आणि एक खासगी प्रतिष्ठान एकत्र आले, काही वर्षं खपून काम केलं आणि २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. फरक कशानं पडला? मालक एकच होता आणि पैसा होता. आपण सौंदर्यदृष्टीबद्दल फार बोलतो, या दोन गोष्टींबद्दल कमी.

म्हणूनच २०१२ साली मुंबईत आठशेहून अधिक नव्या नोंदींची यादी प्रसिद्ध झाली तेव्हा दादर-शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला. वर्तमानपत्रांत त्यांच्यावर टीकाही झाली. मी त्यांच्या बाजूनं थोडं बोलतो. मध्यमवर्गीय माणसाचं घर जुनं झालंय, लिफ्ट नाही, गुडघे दुखतात, पुनर्विकास हाच एक मार्ग दिसतोय, आणि अचानक कळतं की आपली इमारत परिसराच्या यादीत आली. चौक सुंदर दिसावा म्हणून खर्च त्यानं एकट्यानं का सोसायचा? यावर नियमात उत्तर आहे, हस्तांतरणीय विकास हक्क. जागेवर बांधता येत नाही तेवढं बांधकाम दुसरीकडे करायचा हक्क विकून पैसे मिळवायचे. मुंबईत जमिनीला सोन्याचा भाव, तिथे हा हक्क विकला जातो. बार्शीसारख्या गावात तो कितीला जाईल, हा हिशेब मांडून बघा.

आणखी एक प्रकार सांगतो. पुण्याचा भिडे वाडा. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ती जागा. भाडेकरू आणि महापालिका यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०२३ मध्ये संपला, आणि त्याच डिसेंबरात स्मारक बांधण्यासाठी तो वाडा पाडला. वाडा मोडकळीला आला होता हे खरं. पण तिथे काय जपलं? स्थळ जपलं, आठवण जपली, भिंती गेल्या. भिंती उभ्या असताना वेळेवर डागडुजी झाली असती तर हा पर्याय निवडावाच लागला नसता.

आता आपली बार्शी. भगवंताची बार्शी म्हणून गावाची ओळख. पंढरपूरची एकादशी झाली की बारस सोडायला लोक इथे येतात. मंदिर हेमाडपंती, इ.स. १२४५ चं मानलं जातं. त्याची काळजी गाव घेईल, देवाला वाली असतो. मला चिंता आहे ती ज्यांना वाली नाही त्यांची.

बार्शी लाइट रेल्वेचं बघा. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. हलक्या रुळांवरही आसाचा भार नीट वाटला तर जड माल नेता येतो, हे त्यानं आपल्या काळ्या रानात सिद्ध करून दाखवलं, आणि त्याचा अभ्यास परदेशात झाला. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. १९५४ साली सरकारनं ताब्यात घेतली. नंतर रूळ रुंद झाले. ते व्हायलाच हवे होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण छोट्या गाडीची ठाणी, पाण्याच्या टाक्या, पूल, माल उतरवायचे फलाट यांतलं काय ठेवायचं, हे रूळ उखडण्याआधी गावानं बसून ठरवायचं असतं. तेच गिरण्यांचं, तेच बाजारातल्या जुन्या पेढ्यांचं. कापूस, धान्य, गिरणी आणि रेल्वे या चार गोष्टींनी ही बार्शी मोठी झाली. त्यांची वास्तू उरली नाही तर पुढच्या पिढीला गावाचा धंद्याचा इतिहास फक्त कागदावर वाचावा लागेल.

कायदा आपल्याला आडवा येत नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम २२ काढून बघा. ऐतिहासिक, वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या स्थळांचं जतन हा विकास आराखड्याचा विषय आहे असं ते सांगतं. वारसा इमारती आणि वारसा परिसर हे शब्दही त्यात नंतर घातले गेले. २०२० साली मुंबई सोडून बहुतेक राज्यासाठी एकत्रित विकास नियमावली आली, तिच्यातही वारसा जतनाची तरतूद आहे. आणि हे मोठ्या शहरांचंच काम आहे असंही नाही, महाबळेश्वर-पाचगणी, माथेरान या लहान गावांत वारसा समितीचा अनुभव आहे.

मला विचाराल तर बार्शीत सुरुवात समितीनं करू नये, यादीनं करावी. आधी पन्नास वास्तू. नाव, जागा, अंदाजे वय, बांधकाम कशाचं, आत कोण राहतं, छप्पर गळतं का. शेवटचा प्रश्न विसरू नका. महाविद्यालयाची मुलं एका उन्हाळ्यात हे करतील. मालकाला घरी जाऊन सांगायचं की बाबा, तुझं घर हिरावून घ्यायला आलो नाही. माळवद घालणारे, चुन्याचं काम जाणणारे जे म्हातारे गवंडी आसपासच्या खेड्यांत असतील त्यांची नावं त्याच वहीत लिहायची. घरपट्टीत सूट देता येईल का, हे नगरपरिषदेकडे मागायचं. मग आराखडा सुधारायला निघेल तेव्हा हरकती-सूचनांच्या मुदतीत ही वही घेऊन जायचं आणि पोच घ्यायची.

वहीचा नमुना मी करून आणला आहे, बाहेर टेबलावर ठेवलाय. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून कुणाचा तरी हात वर दिसतोय, बोला.