डिस्क कूटलेखन
संगणकाच्या मुख्य डिस्कवरील सगळा मजकूर किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात साठवण्याची पद्धत. उदाहरणार्थ, धाराशिव जिल्ह्यातील आपले सरकार सेवा केंद्रांत दाखल्यांसाठी आधार कार्ड, शिधापत्रिका यांच्या प्रती स्कॅन होतात. त्या संगणकात उरल्या, तर चोरीत किंवा दुरुस्तीच्या वेळी परक्याच्या हाती पडू शकतात. अशा वेळी लॉगिनचा पासवर्ड पुरत नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की फायली उघडतात. कूटलेखनाने ही वाट बंद होते. विंडोजमधील बिटलॉकर व मॅकमधील फाइलव्हॉल्ट ही साधने अमेरिकेत २००१ मध्ये प्रमाणित झालेली एईएस ही कूटलेखन पद्धत वापरतात.

कूटलेखनाने संगणक मंदावतो हा आक्षेप आता फारसा टिकत नाही, कारण आजच्या बहुतेक प्रोसेसरांत एईएसची सोय अंगभूत असते. किल्ली हरवल्यास फायली कायमच्या जातात, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर लिहून वेगळी जपणे आणि बॅकअप ठेवणे. चालू संगणकात शिरलेल्या व्हायरसला कूटलेखन रोखत नाही, म्हणून इतर खबरदारीही हवीच. तरीही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षेची तरतूद असताना, लोकांची कागदपत्रे हाताळणारा संगणक कूटलेखनाविना ठेवणे समर्थनीय नाही.