कडक डोहाळे : कौतुक किती, काळजी किती?



आज आपण बोलणार आहोत दिवस गेल्यावर होणाऱ्या मळमळीबद्दल आणि उलट्यांबद्दल. विषय रोजचाच, पण त्याला मोठा इतिहास आहे. बचत गटाच्या बैठकांत आम्ही तो मुद्दाम सांगतो. कारण एखाद्या सुनेच्या पोटात घासही ठरत नसला, तरी घरात एकच वाक्य ऐकू येतं, "कडक डोहाळे लागलेत, होईल बरं!" बहुतेकींच्या बाबतीत ते खरं ठरतं. सगळ्यांच्या बाबतीत नाही.

डोहाळे हा शब्द फार जुना. संस्कृतात त्याला दोहद किंवा दौहृद म्हणत. सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं आणि आई दोन हृदयांची होते. म्हणून तिची इच्छा ती बाळाचीही इच्छा, ती मोडू नये. इच्छा अपुरी राहिली तर बाळात व्यंग येतं, असंही तेव्हा मानत. ते खरं नाही. पण त्या समजुतीमुळे एक चांगलं झालं. गरोदर बाईला काय हवं, हे विचारायची रीत पडली.

कालिदासाच्या रघुवंशात तर सुदक्षिणा राणीला माती खावीशी वाटते आणि कवी त्याचंही कौतुक करतो. आपण मात्र ते करू नये. माती, राख, खडू खावासा वाटणं हे पुष्कळदा अंगात रक्त कमी असल्याचं लक्षण असतं. शिवाय मातीतून जंत होतात.

आता आपल्या रीतीकडे पाहा. डोहाळजेवण सातव्या महिन्यात आणि मळमळीचा जोर पहिल्या तीन महिन्यांत. म्हणजे त्रास असतो तेव्हा बातमी घराबाहेर सांगायची नसते आणि कौतुक सुरू होतं तेव्हा बहुतेकींचा त्रास संपलेला असतो! मधले दिवस बाई एकटीच काढते. रानात जाते, चुलीपुढे बसते, फोडणीच्या वासाने मोरीकडे धावते.

हा त्रास जिवावरही बेतू शकतो. इंग्लंडमधली नावाजलेली लेखिका शार्लट ब्राँटी १८५५ साली गरोदरपणात वारली. वय अवघं ३८. मृत्यूच्या दाखल्यावर क्षयाची नोंद झाली. पण शेवटच्या काळात तिला सतत मळमळ आणि उलट्या होत होत्या. उलट्यांनीच तिचा जीव घेतला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. तेव्हा सलाईनची सर्रास सोय नव्हती. आज आहे, आणि म्हणून आज कुणी उलट्यांनी जाण्याचं कारण नाही.

दुर्लक्ष हे एक टोक झालं. दुसरं टोक म्हणजे मिळेल ती गोळी घेणं. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं झोपेचं औषध बाजारात आलं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळे. निर्धोक म्हणून त्याची जाहिरात झाली आणि पुष्कळ देशांत गरोदर बायकांनी मळमळीवर ते घेतलं. मग हातपाय अपुरे असलेली बाळं जन्मू लागली. जर्मनीत विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी धोक्याची सूचना दिली. १९६१ च्या अखेरीस जर्मनी आणि इंग्लंडमध्ये औषध मागे घेतलं गेलं. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बाळांना इजा झाली होती. कित्येक जन्मतःच दगावली.

अमेरिकेत मात्र हे औषध सर्रास विकलं गेलं नाही, ते एका बाईमुळे. तिथल्या सरकारी औषध खात्यात डॉ. फ्रान्सिस केल्सी नव्यानेच रुजू झाल्या होत्या. कंपनीने तगादा लावला, तरी "पुरावा पुरेसा नाही," म्हणून त्यांनी परवानगी दिली नाही. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला आणि त्याच वर्षी तिथला औषधांचा कायदा कडक झाला.

पण सगळीच औषधं वाईट, असंही नाही. डॉक्सिलामीन आणि बी-६ जीवनसत्त्व यांची एकत्र गोळी अमेरिकेत अनेक वर्षं मळमळीवर दिली जात होती. कोर्टकचेऱ्यांमुळे कंपनीने ती १९८३ साली बंद केली. तिने बाळाला इजा होते, असं मात्र संशोधनात दिसलं नाही. २०१३ साली त्याच दोन औषधांच्या गोळीला तिथे पुन्हा परवानगी मिळाली. मधली तीस वर्षं बायकांनी भीतीपोटी सोसलं. आपल्याकडेही डॉक्टर ही औषधं देतात. त्यांनी दिली तर घ्यावी, शेजारणीची उरलेली गोळी मात्र घेऊ नये.

हा त्रास होतो तरी का? विसाव्या शतकातही काही डॉक्टर म्हणत की हे बाईच्या मनाचे खेळ आहेत. २०२३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की गर्भाकडून आईच्या रक्तात येणारं एक संप्रेरक याला मुख्यतः कारणीभूत असतं. ते सोसण्याची सवय प्रत्येकीच्या शरीराला सारखी नसते, म्हणून एकीला थोडा त्रास, तर दुसरीला फार. या संशोधनात पुढे असलेल्या मार्लेना फेझो यांनी स्वतः हा त्रास भोगला होता आणि त्यात बाळ गमावलं होतं. तेव्हा सून नाटकं करत नाही, हे आता पुराव्यानिशी सांगता येतं.

आता घरी काय करावं? जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सुरुवातीच्या मळमळीवर आलं सुचवलं आहे. आल्याचा तुकडा चघळावा, किंवा दिवसभरात मिळून सपाट अर्धा चमचा सुंठपूड थोडी थोडी घ्यावी. रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. उठल्या उठल्या कोरडी भाकरी, लाह्या किंवा चुरमुरे खाऊन मगच अंथरूण सोडावं. पोट रिकामं ठेवू नये, दर दोन तासांनी थोडं खावं. पाणी, ताक, लिंबू सरबत घोट घोट प्यावं. फोडणीचं काम काही दिवस दुसऱ्या कुणी करावं. मिशेरी तर लावूच नये, तंबाखू बाळाला घातक आहे. आशाताईंनी दिलेली फॉलिक अॅसिडची गोळी सोडू नये. सकाळी उलटून पडत असेल तर रात्री घ्यावी.

आणि हे पाठ करून ठेवा. पाणीही पोटात ठरत नाही, लघवी कमी आणि गडद पिवळी होते, उभं राहिलं की चक्कर येते, वजन घटतं, उलटीत रक्त दिसतं, ताप येतो किंवा पोटात दुखतं, यातलं एकही असेल तर ते डोहाळे नव्हेत, आजार आहे. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावं. १०२ वर फोन केला की गरोदर बाईसाठी गाडी मोफत येते.

सातव्या महिन्यात हिरवी साडी नेसवू, ओटी भरू, हौसेने गाणी म्हणू. पण त्याआधी, तिसरा महिना सरेपर्यंत, आपल्या गटातल्या प्रत्येक गरोदर मैत्रिणीला रोज एक प्रश्न विचारू या, "बाई गं, आज पाणी तरी पोटात ठरलं का?"