स्पायडर-मॅन : कागदावरचा आणि पडद्यावरचा

सॅम रायमी दिग्दर्शित ‘स्पायडर-मॅन’ हा चित्रपट मे २००२ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यापूर्वीच चित्रकथेच्या जुन्या वाचकांमध्ये वाद पेटला होता, आणि त्या वादाचे मूळ होते नायकाचे मनगट. चित्रकथेतील पीटर पार्कर जाळे फेकण्याचे यंत्र स्वतः तयार करतो आणि मनगटाला बांधतो. चित्रपटात मात्र जाळे त्याच्या शरीरातूनच बाहेर पडते. चाळीस वर्षे ज्यांनी हा नायक कागदावर पाहिला होता, त्यांच्यातील अनेकांना हा बदल म्हणजे मूळ व्यक्तिरेखेशी केलेली प्रतारणा वाटली. चित्रपट प्रचंड चालला. पहिल्या तीनच दिवसांत अमेरिका व कॅनडात दहा कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवणारा तो पहिला चित्रपट ठरला. तिकीटबारीचा निकाल लागला, पण वाचकांचा प्रश्न तसाच राहिला. मूळ नायक पडद्यावर कितपत खरा उतरला? त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी मूळ कथेकडे वळावे लागते.

अकरा पानांची कथा

स्पायडर-मॅन प्रथम अवतरला तो ‘अमेझिंग फँटसी’ या मासिकाच्या पंधराव्या अंकात. अंकावर ऑगस्ट १९६२ हा महिना आणि बारा सेंट ही किंमत छापलेली होती. बंद पडत चाललेल्या या मासिकाचा तो अखेरचा अंक. कथा स्टॅन ली यांची, चित्रे स्टीव्ह डिट्को यांची, आणि पाने अवघी अकरा.

त्या काळी चित्रकथांतील महानायक बहुधा प्रौढ, देखणे आणि आत्मविश्वासाने भरलेले असत. किशोरवयीन मुलाच्या वाट्याला बहुतेक वेळा त्यांच्या मदतनिसाची भूमिका येई. ली आणि डिट्को यांनी ही मांडणी उलटी केली. त्यांचा नायक न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील फॉरेस्ट हिल्स येथे राहणारा शाळकरी मुलगा आहे. आईवडिलांवाचून पोरका झालेला पीटर बेन काका आणि मे काकूंच्या मायेत वाढतो. अभ्यासात हुशार, डोळ्यांवर चष्मा, अंगाने किरकोळ. वर्गमित्रांच्या चेष्टेचा विषय. विज्ञानाच्या एका प्रात्यक्षिकाच्या वेळी किरणोत्सर्गाने बाधित झालेला कोळी त्याला चावतो आणि त्याच्या अंगी कोळ्याचे बळ येते.

या कथेचे वेगळेपण पुढे आहे. बळ मिळताच पीटर जगाच्या रक्षणाला धावत नाही. तो शंभर डॉलरांसाठी एका कुस्तीगिराला लोळवतो, मुखवटा घालून दूरचित्रवाणीवर करामती दाखवतो आणि टाळ्यांनी हुरळून जातो. अशाच एका कार्यक्रमानंतर एक चोर त्याच्या समोरून पळत जातो. मागून धावणारा पोलीस त्याला अडवण्यासाठी हाक देतो. पीटर हात बांधून उभा राहतो. पुढे काही दिवसांनी घरात शिरलेल्या एका दरोडेखोराच्या हातून बेन काकांचा खून होतो. संतापलेला पीटर त्या खुन्याला एका ओसाड गोदामात गाठतो, आणि चेहरा पाहताच त्याला कळते की हा तोच चोर आहे. तो त्याला पोलिसांच्या हवाली करतो. अखेरच्या चौकटीत पाठमोरी आकृती अंधारात दूर जाते, आणि सामर्थ्याबरोबर जबाबदारीही येते या आशयाचे निवेदन त्या चित्रावर छापलेले असते.

हे निवेदन कथाकाराचे आहे. बेन काकांच्या तोंडी ते पहिल्या कथेत येत नाही. पीटरला हा धडा कोणी वडीलधाऱ्याने दिलेला नाही, तो त्याला स्वतःच्या चुकीतून मिळालेला आहे. स्पायडर-मॅनचे मूळ शोधायचे तर ते या चुकीत सापडते.

बदललेले जाळे

चित्रपटाने कोळ्यापासूनच बदलाला सुरुवात केली. १९६२ हे अणुयुगाच्या भीतीचे वर्ष होते. २००२ मध्ये लोकांच्या कुतूहलाचा आणि धास्तीचा विषय जनुकशास्त्र हा होता. त्यामुळे किरणोत्सर्गी कोळ्याच्या जागी जनुकीय बदल केलेला कोळी आला. काळाला धरून केलेल्या या बदलाने व्यक्तिरेखेला धक्का लागत नाही.

मनगटाचा बदल मात्र इतका निरुपद्रवी नाही. अंगातूनच जाळे निघण्याची कल्पना जेम्स कॅमेरॉन यांच्या, प्रत्यक्षात न आलेल्या चित्रपटाच्या आराखड्यातून आलेली होती. तिच्यामागे एक युक्तिवाद होता : मोठमोठ्या कंपन्यांना न साधलेला चिकट धागा एका शाळकरी मुलाने घरात बसून तयार करावा, हे प्रेक्षकांना पटेल का? शिवाय वयात येणाऱ्या मुलाला आपलेच शरीर अनोळखी वाटू लागते, हा अनुभव त्या बदलातून सहज सूचित झाला. पण त्यात पीटरची बुद्धी हरवली. कोळ्याने त्याला बळ दिले, जाळे मात्र त्याने स्वतःच्या अभ्यासावर मिळवलेले होते. शिवाय कागदावरच्या नायकाचा धागा ऐन लढाईत संपतो आणि त्याला डोके चालवावे लागते; पडद्यावर ही अडचणच उरली नाही. गंमत अशी की २००४ मध्ये चित्रकथेनेच काही काळ हा बदल स्वीकारला आणि पीटरच्या अंगातून जाळे निघू लागले. नक्कल मुळावर उलटण्याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सौम्य झालेला अपराध

मनगटावर इतकी चर्चा झाली, पण त्याहून मोठा बदल चोराच्या प्रसंगात आहे आणि त्याकडे त्या मानाने कमी लोकांचे लक्ष गेले. चित्रपटात कुस्तीचे बक्षीस तीन हजार डॉलरांचे आहे. मात्र पीटरने प्रतिस्पर्ध्याला तीन मिनिटांच्या आतच लोळवले, हे निमित्त करून आयोजक त्याच्या हातावर शंभर डॉलर टेकवतो. त्यानंतर चोर त्याच आयोजकाला लुटून पळतो आणि पीटर बाजूला सरून त्याला वाट देतो. प्रेक्षकाला त्या क्षणी पीटरचे वागणे चूक वाटत नाही. उलट लबाड आयोजकाची खोड मोडली म्हणून बरेच वाटते.

येथे दोन कृतींमध्ये महत्त्वाचा फरक पडतो. कागदावरच्या पीटरला कोणी फसवलेले नव्हते. त्याच्या निष्क्रियतेला कसलेच कारण नव्हते. होता तो केवळ माज. चित्रपटाने त्या माजाच्या जागी अन्यायाचा राग आणला आणि अपराध सुसह्य केला. मात्र त्याची भरपाई दुसरीकडे केली आहे. मृत्यूच्या काही तास आधी बेन काका पुतण्याला मोटारीतून ग्रंथालयापाशी सोडतात आणि सामर्थ्य व जबाबदारी यांचे नाते समजावू पाहतात. पीटर त्यांना, तुम्ही माझे वडील नाही, अशा अर्थाचे बोलून दुखावतो. तोच त्यांचा शेवटचा संवाद ठरतो. त्यामुळे पडद्यावरच्या पीटरला दोन सल आहेत : सोडून दिलेला चोर आणि काकांना दुखावणारे शब्द. पहिला सल मूळ कथेपेक्षा बोथट, दुसरा चित्रपटाची स्वतःची भर. क्लिफ रॉबर्टसन यांनी रंगवलेले बेन काका पडद्यावर थोडाच वेळ आहेत, पण उरलेला सारा चित्रपट त्यांच्या आठवणीवर उभा राहतो.

बोलका नायक, अबोल नायक

तिसरा बदल स्वभावाचा. चित्रकथेतील पीटर एरवी बुजरा आहे, पण मुखवटा चढवताच त्याची जीभ सैल सुटते. शत्रूशी झुंजताना तो सतत टोमणे मारतो, कोट्या करतो. ही बडबड म्हणजे त्याच्या भीतीवरचे झाकण आहे. टोबी मॅग्वायर यांचा स्पायडर-मॅन त्या मानाने अबोल आहे. मोठ्या डोळ्यांच्या, संकोची पीटरचे त्यांनी केलेले चित्रण अचूक आहे. मुखवट्याआडचा वात्रट मुलगा मात्र फारसा दिसत नाही.

याला माध्यमाचीही मर्यादा आहे. चित्रकथेत हवेत उडी घेतलेला नायक परिच्छेदभर बोलू शकतो, कारण चौकटीतला काळ वाचकाच्या हाती असतो. पडद्यावर ती उडी दोन सेकंदांत संपते. पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा ही आणखी एक अडचण. कागदावर चित्रकार मुखवट्याच्या डोळ्यांचा आकार बदलून भाव दाखवू शकतो. २००२ च्या पोशाखाला ते शक्य नव्हते. म्हणूनच नायक आणि ग्रीन गॉब्लिन यांच्या संवादात दोन निर्जीव चेहरे समोरासमोर येतात आणि प्रसंगाची धार कमी होते.

पूल आणि संपादक

जून १९७३ च्या १२१ व्या अंकात ग्रीन गॉब्लिन पीटरच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली फेकतो. स्पायडर-मॅन तिला जाळ्याने झेलतो, पण ती वाचत नाही. नायकाचा प्रयत्न अपुरा पडू शकतो, हे वाचकांना हादरवणारे होते. चित्रपटाने हा प्रसंग क्वीन्सबरो पुलावर आणला, पण ग्वेनच्या जागी मेरी जेनला ठेवले आणि तिला वाचवले. गॉब्लिनचा त्याच्याच उडत्या यानाने झालेला अंत मात्र पुढच्या, १२२ व्या अंकाला धरून आहे. म्हणजे सूडाची बाजू कायम राहिली आणि शोकाची बाजू गळाली.

याउलट ‘डेली ब्यूगल’ या दैनिकाचा संपादक जे. जोना जेमसन जणू कागदावरून उठून पडद्यावर चालत आला. जे. के. सिमन्स यांनी त्याचा चिरूट, आखूड मिशी, आरडाओरडा आणि कंजूषपणा तंतोतंत उभा केला. इतकेच नव्हे, तर गॉब्लिनने गळा धरला असतानाही हा संपादक छायाचित्रकाराचे नाव सांगत नाही. हेकट माणसातला हा सच्चेपणा व्यक्तिरेखा नीट समजल्याची खूण आहे.

पुढचे चित्रपट

‘स्पायडर-मॅन २’ (२००४) मूळच्या अधिक जवळ जातो. १९६३ च्या मार्चमध्ये निघालेल्या नायकाच्या स्वतंत्र मासिकाच्या पहिल्याच अंकात तो स्पायडर-मॅनच्या नावे मिळालेला धनादेश वटवायला बँकेत जातो आणि ओळख पटत नाही म्हणून हात हलवीत परततो. जगाला वाचवणाऱ्याला घरखर्चाची भ्रांत असावी, हा या चित्रकथेचा कायमचा सूर. दुसऱ्या चित्रपटातील पीटर पिझ्झा पोचवतो, भाडे थकवतो, नोकरी गमावतो. त्याच्या घरमालकाचे नाव डिट्कोविच ठेवून चित्रकार डिट्को यांना नकळत नमस्कारही केला आहे. नायक पोशाख कचऱ्यात टाकून निघून जातो ते दृश्य तर १९६७ च्या पन्नासाव्या अंकातील चित्रावरूनच घेतलेले आहे.

तिसऱ्या भागात (२००७) मात्र मोठी चूक झाली. बेन काकांचा खून त्या चोराने नव्हे, तर फ्लिंट मार्को या दुसऱ्याच माणसाने केला, असे त्यात उघड होते. एवढ्या एका तपशिलाने पीटर जवळजवळ निर्दोष ठरतो, आणि ज्या अपराधातून नायक जन्मला तोच डळमळतो. मनगटाच्या बदलापेक्षा हा बदल कितीतरी गंभीर आहे.

नंतरच्या चित्रपटांनी निरनिराळ्या चुका दुरुस्त केल्या. अँड्र्यू गारफील्ड यांच्या दोन चित्रपटांत (२०१२, २०१४) मनगटावरचे यंत्र आणि तिखट जीभ परत आली, आणि ग्वेनचा मृत्यूही टाळला गेला नाही. टॉम हॉलंड यांचा नायक वयाने खराखुरा शाळकरी वाटतो, पण त्याच्या पाठीशी टोनी स्टार्क हा धनाढ्य पाठीराखा असल्याने पोशाखाची आणि साधनांची ददात त्याला राहत नाही. ‘नो वे होम’ (२०२१) च्या शेवटी मात्र तो सारे गमावून भाड्याच्या लहानशा खोलीत एकटा राहतो आणि शिवणयंत्रावर स्वतःचा पोशाख शिवतो. १९६२ च्या पीटरची ओळख त्या खोलीत पटते.

मुंबईचा पवित्र प्रभाकर

निष्ठेचा हा प्रश्न भारतातही येऊन गेला आहे. २००४ मध्ये ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ ही चार अंकांची मालिका निघाली. तिचा नायक मुंबईत राहणारा पवित्र प्रभाकर. धोतरासारखे वस्त्र नेसलेल्या या नायकाला शक्ती मिळते ती एका योग्याकडून; बेन काकांच्या जागी भीम काका आहेत आणि मे काकूंच्या जागी माया काकू. हाच पवित्र २०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या सजीवचित्रपटात झळकला आणि भारतात तो चित्रपट मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला. शहर, पोशाख, शक्तीचा उगम असे बहुतेक सारे बदलूनही त्याला स्पायडर-मॅन म्हणायला वाचक कचरले नाहीत, कारण गमावलेला काका आणि त्यातून आलेली जबाबदारी तेथेही कायम होती.

या कसोटीवर २००२ चा चित्रपट पाहिला तर निकाल संमिश्र लागतो. त्याने नायकाची बुद्धी उणी केली, जीभ आवरली आणि मूळ अपराधाला सबब जोडली. तरीही त्या अपराधाचे ओझे त्याने नायकाच्या खांद्यावरून उतरू दिले नाही. अखेरीस स्मशानभूमीत मेरी जेन प्रेमाची कबुली देते आणि पीटर, मनात असूनही, तिला नकार देऊन पाठ फिरवतो. ती पाठमोरी आकृती पाहताना जुन्या वाचकाला बारा सेंटांच्या अंकातली अखेरची चौकट आठवल्यावाचून राहत नाही.