वृत्तपत्रविद्येचे विद्यापीठीय शिक्षण (भारत)

बातमीदारी, संपादन आणि जनसंज्ञापन या विषयांचे विद्यापीठांतून दिले जाणारे शिक्षण. मूळ व्यवसायाच्या मानाने ते भारतात फार उशिरा सुरू झाले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ चे, ‘केसरी’ १८८१ चा. ‘केसरी’चे टिळक आणि आगरकर हे दोघेही फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत. पण पत्र कसे चालवावे, हा तिथल्या वर्गात शिकवण्याचा विषय नव्हता. जुन्या संपादकाच्या हाताखाली उमेदवारी करायची, मुद्रिते तपासता तपासता भाषा पक्की करायची, हीच त्या काळची शाळा. विसाव्या शतकातही अनेक संपादकांना याहून वेगळ्या शाळेची गरज वाटत नव्हती आणि विद्यापीठातून आलेल्या मुलाकडे संपादकीय विभागात काहीसे संशयानेच पाहिले जाई.

अलीगढ मुस्लिम विद्यापीठात १९३८ मध्ये झालेला पहिला प्रयत्न अल्पकाळच टिकला. १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग यांनी सुरू केलेला विभाग मात्र फाळणीतूनही वाचला: तो आधी दिल्लीत आणि १९६२ मध्ये चंडीगढला गेला. दरम्यान मद्रास, कलकत्ता व म्हैसूर येथेही अभ्यासक्रम सुरू झाले होते.

महाराष्ट्राच्या आजच्या सीमेत पाहता या इतिहासात नागपूरचे नाव आधी येते, पुण्यामुंबईचे नंतर. हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये वृत्तपत्रविद्येचा विभाग उघडला आणि त्याच्या उभारणीसाठी अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्झली फुलब्राइट योजनेतून नागपुरात आले. ‘जर्नलिझम इन मॉडर्न इंडिया’ हा त्यांनी संपादित केलेला ग्रंथ त्याच काळातला. अमेरिकी वळण भारतीय अभ्यासक्रमांत आले ते अशा वाटांनी, पण त्यातला एक महत्त्वाचा भाग मागेच राहिला. मिसुरी विद्यापीठातील विद्यालय १९०८ मध्ये उघडले तेव्हा पहिल्या दिवसापासून विद्यार्थी गावासाठी खरे वृत्तपत्र काढू लागले होते. आपल्याकडील प्रायोगिक अंक बहुधा विभागाच्या भिंतींआडच राहतो. तो विकत घेणारा वाचक नसतो आणि चुकीच्या बातमीबद्दल जाब विचारायलाही कोणी येत नाही. या शिक्षणातली सर्वांत मोठी उणीव हीच म्हणावी लागेल. ती पुढे वृत्तपत्राच्या कचेरीत, उपसंपादकाच्या रात्रपाळीत भरून निघते.

पुणे विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग १९६४ चा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या नावाच्या फर्ग्युसन रस्त्यावरील वास्तूत तो असल्याने बोलण्यात ‘रानडे’ एवढेच म्हणतात. माजी विद्यार्थी आपली ओळख ‘आम्ही रानडेचे’ अशीच करून देतात. विद्यापीठाच्या आवारापासून दूर, शहराच्या मध्यात असण्याचा विद्यार्थ्यांना फायदा झाला: सभा, आंदोलने, नाटके आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्या हाकेच्या अंतरावर. विभाग आवारात हलवून दुसऱ्या विभागात विलीन करण्याचा घाट २०२१ मध्ये घातला गेला, तेव्हा आजी-माजी विद्यार्थ्यांनी त्याला विरोध केला आणि निर्णय थांबला.

१९६५ मध्ये दिल्लीत केंद्र सरकारची भारतीय जनसंचार संस्था स्थापन झाली. या पिढीतील संस्थांच्या नावांत वृत्तपत्राच्या शेजारी, कधी त्याच्या जागी, संज्ञापन किंवा जनसंचार आला. लोकसंख्या, शेती, आरोग्य यांविषयीचे सरकारी संदेश लोकांपर्यंत कसे पोचवावेत, हाही तेव्हा मोठा प्रश्न होता. त्यामुळे संशोधनपद्धती, श्रोतृसर्वेक्षण, जनसंपर्क असे विषय आले. बातमी लिहिणे व संदेश पोचवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हा भेद अभ्यासक्रमांत फारसा स्पष्ट झाला नाही.

पदवीनंतर एका वर्षाची दुसरी पदवी, तीवर पदव्युत्तर वर्ष, ही रचना दीर्घकाळ अनेक विद्यापीठांत होती. २००० च्या सुमारास मुंबई विद्यापीठाने बारावीनंतरचा तीन वर्षांचा ‘बीएमएम’ (बॅचलर ऑफ मास मीडिया) अभ्यासक्रम सुरू केला आणि तो अनेक महाविद्यालयांत पसरला. त्यात शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला पत्रकारिता किंवा जाहिरात यांपैकी एक शाखा निवडावी लागे.