घाटातली रेल्वे ते अंतराळातली कुपी : पैसा कोणाचा, मालकी कोणाची, जागा कोणाची?

२५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला अमेरिकेतून अंतराळात गेले. ज्या यानातून ते गेले ते ना भारत सरकारचे होते, ना अमेरिकन सरकारचे. स्पेसएक्स या खासगी कंपनीचे ते ‘ड्रॅगन’ जातीचे यान. माणसे वर नेऊन सोडायची, परत आणायची, दुरुस्ती करून तेच यान पुन्हा पाठवायचे, हा त्या कंपनीचा धंदा. आपल्या सरकारने एका जागेचे पैसे मोजले. सगळा खर्च मिळून साडेपाचशे कोटी रुपयांच्या आसपास गेल्याचे आकडे तेव्हा छापून आले.

त्या दिवसांत आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर दोन प्रकारचे मेसेज फिरत होते. पहिला असा, की गटारात उतरून आमची माणसे मरतात आणि हे अंतराळात चाललेत, आम्हाला काय त्याचे? दुसरा बाहेरून आलेला, पण आपल्याच काही शिकल्यासवरल्या पोरांनी पुढे ढकललेला : बघा, खासगी कंपनीत आरक्षण नाही म्हणून त्यांनी रॉकेट परत उतरवून दाखवले. पहिल्या मेसेजमागचा संताप आम्हाला समजतो. तरीही आम्हाला दोन्ही मान्य नाहीत. पहिला बाबासाहेबांच्या भूमिकेशी जुळत नाही आणि दुसरा इतिहासाशी.

इतिहास बघायला आधी अमेरिकेला जायची गरज नाही. पुण्याहून लोकलने मळवलीपर्यंत आले तरी पुरे. कार्ले-भाजे लेणी पाहायला आपण सगळेच या स्टेशनवर उतरतो. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली, ते ठिकाणही याच लोहमार्गावर. मळवलीच्या पुढे लोणावळा, खंडाळा आणि मग बोरघाट. खासगी कंपनीने सरकारच्या जिवावर उंच ठिकाणी वाहतूक कशी सुरू केली, याचा आपल्या भागातला सगळ्यात मोठा धडा या घाटात आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही लंडनच्या भागधारकांची कंपनी. १८४९ च्या करारात तिला दोन गोष्टी मिळाल्या. जमीन फुकट आणि गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी. नफा झाला तर भागधारकांचा. नाही झाला तर व्याज भरायचे हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेतसारा भरणाऱ्या कुणब्या-महाराच्या खिशातून. याला त्या काळीही खासगी उद्योगाचे धाडस म्हणत असत! घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये गाडी धावू लागली. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ आणि पंचवीस बोगदे. १८६१ मध्ये या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. कॉलरा, ताप, सुरुंगाचे स्फोट, कड्यावरून पडणे यांत किती मेले याची धड नोंद नाही. एका इतिहासकाराचा अंदाज पंचवीस हजारांच्या आसपासचा आहे. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला, कंत्राटदार बदलला, नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत मेला आणि त्याची बायको अॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. अॅलिसबाईंचे नाव इतिहासात आहे, आणि असायलाही हवे. दोरखंडाला लटकून कड्यात सुरुंगाची भोके पाडणाऱ्यांचे एकही नाव नाही.

१९२५ मध्ये सरकारने ही रेल्वे आपल्या ताब्यात घेतली. मालक बदलला म्हणून आतली उतरंड बदलली का? १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्ष बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचे म्हणणे याच परिषदेतले. ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणातला दुसरा भाग आपण वाचत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरची कामे करून घेतो आणि स्टेशनमास्तरच्या घरात अस्पृश्य चालत नाही. कारखान्यात मेकॅनिक, फोरमन या जागांवर तो जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे रूळ टाकायला आपण, रूळ जपायला आपण, आणि हातात पाना आला की जात आडवी. तंत्रज्ञान नवे असले तरी जात त्यात आपली जागा आधीच राखून ठेवते, हे बाबासाहेबांनी खात्याचे नाव घेऊन, पदांची नावे घेऊन दाखवले.

आता अंतराळातल्या मालवाहतुकीकडे येऊ. पुन्हा वापरता येईल असे यान ही कल्पना स्पेसएक्सची नव्हे. अमेरिकन सरकारचे स्पेस शटल १२ एप्रिल १९८१ रोजी प्रथम उडाले. दर आठवड्याला उडेल, स्वस्त पडेल असे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात प्रत्येक फेरीनंतर हजारो उष्णतारोधक फरशा तपासण्यात महिनोन्महिने जात. तीस वर्षांत १३५ उड्डाणे झाली, दोन अपघातांत चौदा जण गेले. त्यातल्या १ फेब्रुवारी २००३ च्या अपघातात आपल्या कल्पना चावला होत्या. जुलै २०११ मध्ये शटल बंद पडले.

ते बंद होणार हे आधीच ठरले होते. म्हणून २००६ मध्ये नासाने खासगी कंपन्यांना सांगितले, तुम्ही यान बनवा, आम्ही टप्प्याटप्प्याने पैसे देतो. या योजनेत स्पेसएक्सला एकूण ३९ कोटी ६० लाख डॉलर मिळाले. कंपनीने स्वतःचेही पैसे घातले, हे खरेच आहे. पण तारखा बघा. स्पेसएक्सच्या पहिल्या छोट्या रॉकेटची तीन उड्डाणे फसली, चौथे सप्टेंबर २००८ मध्ये जमले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, मोठे रॉकेट एकदाही उडालेले नसताना, नासाने बारा फेऱ्यांचे १६० कोटी डॉलरचे कंत्राट हातात ठेवले. २०१४ मध्ये माणसे नेण्यासाठी आणखी २६० कोटी. ड्रॅगनचे उष्णताकवच ज्या पदार्थावरून विकसित झाले तो नासाच्या प्रयोगशाळेतला. मे २०२० मध्ये पहिले दोन अंतराळवीर घेऊन ड्रॅगन ज्या तळावरून उडाले तो ३९-ए, म्हणजे १९६९ साली चंद्रावर माणूस नेणारे अपोलो ११ जिथून सुटले तो. सरकारने बांधलेला, कंपनीला भाड्याने दिलेला. १८४९ ची पाच टक्के हमी आणि २००८ चे कंत्राट यांत फरक जरूर आहे. नासाने काम झाल्यावर पैसे दिले, जी.आय.पी.ला काम कसेही होवो व्याज मिळत होते. पण दोन्हीकडे जोखमीचा मोठा वाटा जनतेच्या तिजोरीने उचलला आणि नाव झाले मालकाचे.

काम मात्र चोख झाले, हे मान्य करायला आम्हाला अडचण वाटत नाही. २०१२ च्या मे महिन्यात ड्रॅगन स्थानकाला जोडले गेले. डिसेंबर २०१५ मध्ये फाल्कन ९ चा पहिला टप्पा म्हणजे बूस्टर वर जाऊन परत उभाच्या उभा जमिनीवर उतरला, मार्च २०१७ मध्ये तसा उतरलेला बूस्टर पुन्हा उडाला, आणि त्याच जूनमध्ये एकदा वापरलेली मालवाहू कुपी दुसऱ्यांदा स्थानकावर गेली. इंजिने ही रॉकेटमधली सगळ्यात महागडी गोष्ट. ती समुद्रात फेकायची नाहीत, धुऊनपुसून पुन्हा लावायची, यात खर्च वाचतो. सगळेच परत येते असेही नाही. फाल्कनचा वरचा टप्पा अजून दर वेळी नवा लागतो, ड्रॅगनचा मागचा भागही टाकून द्यावा लागतो. याच कामासाठी बोइंगला तर स्पेसएक्सपेक्षा जास्त, ४२० कोटी डॉलर मिळाले होते. तिच्या यानातून गेलेल्या सुनीता विल्यम्स वर अडकल्या आणि मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधून परत आल्या. म्हणजे ‘खासगी’ हा शब्द गुणवत्तेचा दाखला नाही. बोइंगही खासगीच आहे.

भारतात हेच यान सरकारी खात्याने, बेताच्या पैशात घडवायला घेतले. जानेवारी २००७ मध्ये इस्रोने पाठवलेली कुपी बारा दिवस कक्षेत राहून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. २३ मे २०१६ ला पंख असलेल्या यानाची पहिली चाचणी झाली, ६५ किलोमीटर उंचीपर्यंत. मग २ एप्रिल २०२३, २२ मार्च २०२४ आणि २३ जून २०२४ अशा तीन चाचण्या चित्रदुर्गजवळ झाल्या. साडेचार किलोमीटरवरून हेलिकॉप्टरने सोडलेले यान स्वतःच धावपट्टी शोधून उतरले. या यानाला नाव दिले ‘पुष्पक’. इथे थोडे थांबावेसे वाटते. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर वैदिक विमान उडवले, ही कथा महाराष्ट्रात अजून सांगितली जाते. त्यामागे ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला दिला जातो, त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच लिहून ठेवले. उलट मळवलीहून चालत जाता येईल अशा कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत, आणि दार करणारा धेनुकाकटचा सुतार सामि याचे नाव शिलालेखात आहे. गांधिक सिंहदत्ताचे आहे, यवनांचे आहे, भिक्खुणींचे आहे. बौद्ध परंपरेत दगडावर सुताराचे नाव चढले. पुराणातल्या पुष्पकाचा सुतार कोण, विचारून बघा.

पण नावापेक्षा जागांचा प्रश्न मोठा. १६ नोव्हेंबर १९९२ चा इंद्रा साहनी निकाल मंडलसाठी आपण साजरा करतो. त्याच निकालात न्या. जीवन रेड्डी यांनी, काही पदांना आरक्षण लावणे उचित ठरणार नाही, असे म्हणून एक यादी दिली. संशोधन संस्थांतली तांत्रिक पदे, त्यात अणुऊर्जा आणि अंतराळ यांचा नाव घेऊन उल्लेख, प्राध्यापक आणि वरची पदे, वैमानिक. यादी उदाहरणादाखल आहे, निर्णय केंद्र सरकारने घ्यावा, असेही म्हटले. इस्रोच्या भरतीच्या जाहिरातीत आज प्रवेशाच्या पायरीवर राखीव जागा दिसतात, त्या आपण लढून मिळवलेल्या आहेत. पण जिथे यानाचा आराखडा ठरतो, त्या वरच्या खोलीच्या दारावर ‘गुणवत्ता’ ही पाटी तेव्हाच लागली. मनमाडच्या भाषणातला मेकॅनिक आणि फोरमन आठवा.

आता तर दारच दुसरीकडे चालले आहे. २०२० मध्ये खासगी कंपन्यांना परवाने देणारी इन-स्पेस ही संस्था निघाली, २०२३ मध्ये अंतराळ धोरण आले, २०२४ मध्ये प्रक्षेपक बनवणाऱ्या उद्योगांत ४९ टक्क्यांपर्यंत परकी भांडवल सरकारी परवानगीशिवाय यायला मोकळीक मिळाली. पीएसएलव्ही बांधायचे काम सरकारी एचएएल आणि खासगी एल अँड टी यांना मिळून दिले गेले. सुटे भाग खासगी कारखान्यांत बनणे नवे नाही. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला रॉकेट मोटरींची आवरणे आणि विक्रोळीच्या गोदरेजमध्ये ‘विकास’ इंजिने कित्येक वर्षे बनत आली आहेत. नवे हे, की आता आख्खे रॉकेट, आख्खे यान आणि त्यासोबतचे शास्त्रज्ञही कंपनीचे असणार. कंपनीला आरक्षणाचा कायदा नाही. पण इस्रोचे तळ, इस्रोच्या चाचणीसोयी आणि इस्रोने साठ वर्षांत कमावलेले तंत्रज्ञान मात्र तिला मिळणार.

इथे कोणी म्हणेल, कंपनी म्हटल्यावर अट कशी घालणार? अमेरिकेने घातली होती. १९६५ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेश ११२४६ नुसार सरकारी कंत्राट घेणाऱ्या कंपनीला भरतीत भेदभाव न करण्याची आणि वगळलेल्यांना संधी देण्याची अट होती. स्पेसएक्स वाढली ती ही अट लागू असतानाच. ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये आदेश रद्द केला, तोपर्यंत रॉकेटे परत उतरून दहा वर्षे होत आली होती. भारतातही सरकारी खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी चार टक्क्यांचा वाटा २०१२ पासून कागदावर आहेच. म्हणजे कंत्राटाला अट जोडता येते. जोडायची इच्छा हवी.

आणि ‘आम्हाला काय त्याचे’ म्हणणाऱ्यांसाठी एक तारीख. २९ ऑक्टोबर १९४२. मजूरमंत्री होऊन चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात त्यांनी स्पष्ट मांडले, की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या लोकांचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, त्यासाठी शिष्यवृत्त्या हव्यात, परदेशी पाठवायला पैसे हवेत, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी हवी. देशात दुष्काळ, युद्ध, गावकुसाबाहेर उपासमार असताना ही मागणी होती. पोट आधी की यंत्र आधी, असा वाद त्यांनी घातला नाही. दोन्ही मागितले.

म्हणून आमची मागणी साधी आणि मोजता येण्यासारखी आहे. इस्रोच्या वरच्या श्रेणीत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी किती, हे दर वर्षी पदनिहाय जाहीर करा. इन-स्पेसचा परवाना, सरकारी तळ किंवा इस्रोचे तंत्रज्ञान घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपल्या अभियंत्यांचा असाच तक्ता द्यावा आणि करारात भरतीची अट असावी. १९९२ ची ती यादी संसदेत पुन्हा चर्चेला यावी. मावळातल्या, इंदापुरातल्या, विक्रोळीतल्या आयटीआयच्या पोरांनी वेल्डर-फिटर म्हणून या कारखान्यांत जरूर जावे. पण पदवीचे अर्जही भरावेत, आणि नाकारले गेल्यास कारण लेखी मागावे. खात्याला माहितीच्या अधिकारात विचारायचे प्रश्न आम्ही तयार करत आहोत, ज्यांना सोबत यायचे त्यांनी कळवावे. जयभीम.