चेहरा नसलेली आई

चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचे नाव निघाले की आपल्याला घोडे आठवतात, नाहीतर वाद आठवतात. त्यांनी आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवलेल्या एका स्त्रीकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. ती स्त्री म्हणजे त्यांची आई.

हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपूरला झाला. ते जेमतेम दीड वर्षाचे असताना आईचा इंतकाल झाला. तिचे एकही छायाचित्र मागे राहिले नाही. पुढे हा मुलगा मुंबईत सिनेमाचे फलक रंगवू लागला. नट्यांचे भलेमोठे चेहरे त्याने रंगवले. आईचा चेहरा तेवढा त्याला ठाऊक नव्हता.

१९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. हुसेन त्यात होते. सूझा, रझा, आरा, बाकरे होते आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडेही होते. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून आलेल्या लँगहॅमर, श्लेसिंजर यांसारख्या रसिकांनी या तरुणांना अभिव्यक्तीवादी कलेची ओळख करून दिली. डोळ्यांना दिसते तसे नव्हे, तर मनाला जाणवते तसे रंगवायचे, हे या कलेचे सूत्र. ज्याला आईचा चेहराच आठवत नाही, त्याला ते किती जवळचे वाटले असेल!

१९८० च्या सुमारास हुसेन यांनी मदर तेरेसांची चित्रमालिका सुरू केली. निळ्या काठांची पांढरी साडी, कुशीत लेकरू, आणि चेहऱ्याच्या जागी नुसती पोकळी. ही पोकळी त्यांच्या आईची आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितले होते. व्यक्तिचित्र तेरेसांचे, पण शोध आईचा.

आपल्या इतिहासाचेही असेच झाले आहे. अकोला, अमरावतीकडच्या किती घरांत आजीचा, पणजीचा फोटो सापडेल? कुठे पडद्याचा रिवाज होता, कुठे फोटोला पैसा नव्हता. सरकी वेचणारे, विड्या वळणारे, गोधडी शिवणारे ते हात कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाहीत. वंशावळीत पुरुषांची नावे सलग येतात, बायकांच्या जागा रिकाम्या राहतात.

हुसेन यांनी ती रिकामी जागा लपवली नाही. खोटा चेहरा काढून ती भरलीही नाही. २०११ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, तोवर ती तशीच राहिली. आपल्या घरात मात्र अजून काही वृद्ध स्त्रिया हयात आहेत. त्यांच्याजवळ बसून त्यांचे नाव, माहेर, कष्ट आज लिहून घेतले, तर पुढच्या पिढीला आईचा चेहरा कोरा सोडावा लागणार नाही.